राजाच्या महालातलं बंद दार

पडद्यावर राजाचं दालन आहे. राजा सिंहासनावर बसलाय, समोर तुम्ही उभे आहात. जवळ तीन पेट्या, आसपास पहारेकरी, आणि दालनाचं एकुलतं एक दार बंद. ड्रॅगनांच्या राजाने प्रकाशाचा गोल पळवून नेलाय, तो तुम्हीच परत आणायचा, असं राजा सांगतो. त्याचं बोलणं संपतं आणि तुम्ही एकटे उरता. आता या दालनातून बाहेर पडायचं कसं?

बटण दाबलं की एक चौकट उघडते. तीत आठच शब्द असतात : बोला, ताकद, जिना, दार, मंत्र, सामान, शोधा, घ्या. पेटीवर उभं राहून ‘घ्या’ निवडलं की एका पेटीतून सोन्याच्या मोहरा निघतात, एकीतून मशाल, एकीतून किल्ली. पहारेकऱ्याजवळ जाऊन ‘बोला’ निवडलं की तो पुढचं सांगतो. दारापाशी ‘दार’ निवडलं की किल्ली खर्ची पडते आणि दार उघडतं. पलीकडे जिना असतो, तिथे ‘जिना’. तुम्ही खाली येता आणि मोठं जग समोर पसरतं. तोवर तुम्ही हा खेळ खेळायला शिकलेले असता, आणि आपल्याला कुणी काही शिकवलं हे तुमच्या ध्यानातही आलेलं नसतं.

२७ मे १९८६ रोजी जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ विक्रीला आला, तेव्हा त्याच्या बहुतेक खेळाडूंनी असा खेळ आयुष्यात पाहिलेला नव्हता. बंद दाराची ही युक्ती ज्यांनी योजली त्या युजी होरी यांची पुढची सगळी कारकीर्द मला या एका दालनात दिसते. समोरच्याला काही येत नाही हे गृहीत धरायचं, पण त्याला कमी लेखायचं नाही. हे साधणं फार अवघड असतं. शिक्षकांना विचारा, पाककृती लिहिणाऱ्यांना विचारा.

होरी यांचा जन्म १९५४चा, कोबे शहरासमोरच्या आवाजी बेटावरचा. त्यांना व्हायचं होतं मांगा-चित्रकार, म्हणजे जपानी चित्रकथा काढणारा. तोक्योच्या वासेदा विद्यापीठात साहित्य शिकत असताना ते तिथल्या मांगा मंडळात होते. पुढे पोटापाण्यासाठी वर्तमानपत्रांत आणि मासिकांत मिळेल तो मजकूर लिहू लागले. ही मुक्त लेखकाची वर्षं वाया गेली असं कुणाला वाटेल, पण माझ्या मते त्यांची खरी शाळा तीच. ठरलेल्या ओळींत मजकूर बसवायचा आणि घाईत असलेल्या वाचकाला पहिल्याच वाक्यात धरायचं, हे त्यांना तिथे जमलं. १९८०च्या सुमारास घरगुती कॉम्प्युटर बाजारात येऊ लागले. होरींनी एनईसी कंपनीचा पीसी-६००१ घेतला आणि बेसिक ही भाषा स्वतःची स्वतः शिकले.

१९८२मध्ये एनिक्स नावाच्या नव्या कंपनीने गेम लिहिण्याची स्पर्धा जाहीर केली. कंपनीकडे स्वतःचे प्रोग्रॅमर नव्हते, म्हणून तिने देशभरातल्या हौशी लोकांकडूनच गेम मागवले. होरी ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकासाठी लिहीत होते, त्यामुळे स्पर्धेची बातमीही त्यांनी लिहायची होती. त्यांनी बातमी लिहिलीच, शिवाय ‘लव्ह मॅच टेनिस’ हा स्वतःचा गेम पाठवून बक्षीसही मिळवलं. त्याच स्पर्धेत कोइची नाकामुरा हा शाळकरी मुलगा चमकला. पुढे होरींच्या कल्पनांना चालतं रूप देणारा प्रोग्रॅमर हाच.

होरींचा पहिला मोठा गेम १९८३चा. कोबेतली एक खूनकथा, नाव ‘पोर्टोपिआ’. खेळणारा पोलिस अधिकारी असतो आणि हाताखालच्या यासू नावाच्या सहायकाला तो हुकूम सोडतो. मूळ कॉम्प्युटरवर हे हुकूम टंकावे लागत आणि तिथेच लोक अडकत. करायचं काय ते कळलेलं असे, पण यंत्राला नेमका कोणता शब्द कळतो हेच सापडत नसे. होरींना हे खटकलं. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये त्यांनी टंकणं काढून टाकलं आणि हुकमांची यादी पडद्यावर दिली, यातून निवडा म्हणाले. महालातल्या त्या आठ शब्दांचं मूळ हे. १९८५मध्ये ‘पोर्टोपिआ’ निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला तोही याच पद्धतीने. फॅमिकॉमसोबत टंकायला कळफलक येतच नसे, हातात दिशेचा फुलीसारखा खटका आणि मोजकी बटणं एवढंच.

‘पोर्टोपिआ’चा खुनी कोण, हे जपानमध्ये आता म्हणीसारखं झालंय, तेव्हा सांगायला हरकत नाही. खुनी यासूच. ज्याच्या डोळ्यांनी तुम्ही सगळं पाहिलं, ज्याच्या हातांनी प्रत्येक वस्तू तपासली, तोच. कादंबरीत हा धक्का वाचकाला बसतो. इथे खेळाडू स्वतःच तासन्‌तास त्याच्यावर विसंबून राहिलेला असतो, म्हणून धक्का जास्त जिव्हारी लागतो. हे सुचायला लेखकच हवा.

१९८३मध्येच होरी आणि नाकामुरा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ॲपलफेस्ट प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी ‘विझर्ड्री’ पाहिला. अमेरिकी कॉम्प्युटरवाल्यांमध्ये तेव्हा रोल-प्लेइंग गेमचं, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचं वेड होतं. ‘विझर्ड्री’त अंधाऱ्या भुयारात शत्रू तोंडासमोर येत, ‘अल्टिमा’त जग नकाशासारखं वरून दिसे. दोन्ही खेळ अफाट होते, आणि नवख्याला धडकी भरवणारे. सोबत जाड पुस्तिका, आकड्यांची गर्दी, आणि नकाशे कागदावर स्वतः काढायचे. होरींनी जग वरून दाखवायचं आणि लढाई समोरासमोर ठेवायची असं ठरवलं, पुस्तिकेचं ओझं तेवढं काढून टाकलं. हा खेळ त्यांना दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचा होता.

संघ जमला तोही अजब. चित्रांसाठी अकिरा तोरियामा. हे ‘ड्रॅगन बॉल’चे कर्ते, म्हणजे आपल्याकडच्या कार्टून पाहणाऱ्या पिढीलाही ओळखीचे. ते ‘जंप’मध्येच चित्रकथा काढत, ओळख तिथल्या संपादकामार्फत झाली. सगळ्यात दुबळ्या राक्षसासाठी होरींनी एक चिखलाचा गोळा रेखाटून दिला होता. तोरियामांनी त्याला पाण्याच्या थेंबासारखं टोक दिलं, दोन गोल डोळे दिले, हसरं तोंड दिलं. तो निळा ‘स्लाइम’ आज जपानमध्ये बाहुल्यांपासून खाऊपर्यंत सगळीकडे आहे. संगीत कोइची सुगियामा यांचं. ते दूरचित्रवाणीचे आणि लोकप्रिय गाण्यांचे पन्नाशी ओलांडलेले नामवंत संगीतकार. एनिक्सचा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा गेम खेळून त्यांनी आतलं अभिप्रायाचं कार्ड भरून पाठवलं होतं. कार्डावरचं नाव वाचून कंपनीतले लोक चकित झाले आणि त्यांनी थेट संपर्क साधला.

आता अडचण जागेची. या अख्ख्या जगासाठी कॅसेटमध्ये जागा होती ६४ किलोबाइट. फोनवर काढलेल्या एका साध्या फोटोलाही आज याच्या कितीतरी पट जागा लागते. नायकाचं चित्र एकाच बाजूने काढलं होतं, तो कुठेही निघाला तरी तोंड खेळाडूकडेच, चाल खेकड्यासारखी. त्यामुळे कुणाशी बोलायचं तर आधी दिशा निवडायची : पूर्व, पश्चिम, उत्तर की दक्षिण.

पण मला सगळ्यात थक्क करते ती अक्षरांची काटकसर. जपानी मजकुरात हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला लागतात. दुसरी मुख्यतः परक्या शब्दांसाठी आणि अनोळखी नावांसाठी असते, आणि परीकथेच्या जगात अशी नावं पावलोपावली येतात. दोन्हींत मूळ अक्षरं चाळिशीच्या वर. प्रत्येक अक्षर म्हणजे एक छोटं चित्र, आणि प्रत्येक चित्राला जागा. म्हणून काताकानातली वीसच अक्षरं ठेवायची असं ठरलं. बाकीची त्या जगात अस्तित्वातच नाहीत. राक्षस, गावं, मंत्र यांची काताकानातली सगळी नावं या विसांतून उभी करायची.

यादी समोर ठेवून नावं तपासायला बसलं की मौज कळते. स्लाइम जपानीत ‘सु-रा-इ-मु’ असा लिहितात, चारही अक्षरं विसांत आहेत. जखम भरून काढणारा मंत्र ‘होइमी’, तिन्ही आहेत. घरी परत नेणारा ‘रूरा’, आगीचा ‘गिरा’, राजकन्या ‘लोरा’, पुराणपुरुष ‘लोतो’, सगळं त्या विसांतलं. ‘कि’वर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘गि’ होतो, आणि त्या रेघाही वेगळ्या ठेवून वरच्या ओळीत छापल्या, म्हणजे ‘गि’साठी निराळं चित्र नको. अक्षराच्या डोक्यावर मात्रा आणि अनुस्वार देणाऱ्या आपल्यासारख्यांना ही युक्ती लगेच उमजेल. ‘होइमी’ला कोशात अर्थ नव्हता. आज जपानमधल्या दोन-तीन पिढ्यांना तो शब्द भाषांतराशिवाय कळतो. इतक्या थोड्या अक्षरांत संवाद लिहिताना एकही शब्द सैल ठेवून चालत नाही, आणि होरींची पात्रं आजही तशीच बोलतात : दोन-तीन ओळी, साधी बोली, आणि प्रत्येकाची लकब वेगळी.

या खेळात हात चपळ असावा लागत नाही. प्रत्येक लढाईनंतर अनुभवाचे गुण मिळतात, ते साठले की नायक एक पायरी वर चढतो, त्याची ताकद वाढते, नवा मंत्र येतो. ज्याला ‘मारिओ’त खड्डा ओलांडता येत नव्हता, तोही इथे चिकाटीच्या बळावर शेवटपर्यंत पोहोचे. हरलात तर? राजासमोर पुन्हा उभे राहता, तो रागावतो, खिशातले निम्मे पैसे गेलेले असतात, पण कमावलेला अनुभव शाबूत असतो. हरणाऱ्याचे कष्ट मातीत जाऊ द्यायचे नाहीत, असा नियमच होरींनी घातला. पहिल्या महालातून बाहेर पडलं की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला समोरच दिसतो. जायचंय तिथेच, पण वाट जगभर फिरून जाते. नदीवरचा पूल ओलांडला की शत्रू अधिक बळकट होतात, त्यामुळे आपण फार पुढे आलोय की नाही हे पाटी न लावताही समजतं.

खेळ साठवून ठेवायला मात्र जागाच नव्हती. त्याऐवजी राजा वीस अक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देई, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी भरायचा. होरींनी त्याची मांडणी पाच-सात-पाच आणि वर तीन अशी केली, म्हणजे हायकूच्या चालीवर, जिभेवर बसेल अशी. वर्षभराच्या आत आलेल्या दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला, आणि एक अक्षर चुकीचं उतरवल्याने आठवड्याची मेहनत गमावलेली मुलं घरोघर झाली. हा भाग घाईत संपवला गेला, त्याचा शेवट अवाजवी कठीण आहे.

मंत्र लिहून घेण्याचा जाच संपला तिसऱ्या भागात, कॅसेटमध्ये बॅटरी बसवल्यावर. १० फेब्रुवारी १९८८, बुधवार. तोक्योत दुकानांसमोर रात्रीपासून रांगा लागल्या, शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकलं, आणि पहिल्याच दिवशी दहा लाखांवर कॅसेटी खपल्या. ‘जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्ट कामाच्या दिवशी विकायला कायद्याने बंदी आहे’ असं जगभर सांगतात, ते खरं नाही. असा कायदा कधीच झाला नाही. चौथा भाग एनिक्सने ११ फेब्रुवारी १९९०ला आणला, तो रविवार होता. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची जी यंत्रं घरोघर आली, ती बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आपण त्यांच्यावर मनसोक्त खेळलो. धावायला, उड्या मारायला भाषा लागत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ म्हणजे सगळा मजकूरच, तो इथवर आला नाही.

चौथ्या भागात होरींनी कथेची पाच प्रकरणं केली आणि नायकाला शेवटच्या प्रकरणापर्यंत मागे ठेवलं. तिसरं प्रकरण टोर्नेको नावाच्या एका पोट सुटलेल्या व्यापाऱ्याचं आहे. सकाळी बायको डबा देते, तो शस्त्रांच्या दुकानात कामाला जातो. गिऱ्हाईक येतं, तलवार मागतं, तुम्ही विकता. संध्याकाळी मालक दिवसाची मजुरी हातावर ठेवतो, तुम्ही घरी येऊन झोपता. राक्षस मारायच्या खेळात खेळाडूला गल्ल्यामागे उभं करणं हे धाडस होतं. इतर खेळांत दुकानदार म्हणजे भिंतीतलं भोक, पैसे टाका आणि वस्तू घ्या. होरींनी त्या भोकामागचा माणूस दाखवला, त्याचं घर दाखवलं, त्याचं स्वतःचं दुकान काढायचं स्वप्न दाखवलं.

आणि मग पाचवा भाग, २७ सप्टेंबर १९९२चा. लोकप्रियतेत तिसरा भाग पुढे असेल, पण माझ्या मते होरींचं सर्वोत्तम लेखन इथे आहे. तुम्ही सहा वर्षांचे असता आणि वडिलांबरोबर गावोगाव फिरता. लढाई आली की वडीलच बहुतेक शत्रू लोळवतात. लढाई संपली आणि तुम्हाला लागलेलं असलं, तर तुम्ही न सांगता ते ‘होइमी’ म्हणतात आणि तुमची जखम भरते. यावर संवाद नाही, करुण संगीत नाही. आकड्यांच्या खेळातली एक छोटी क्रिया, दर वेळी घडणारी. पुढे शत्रू तुमच्या गळ्याला शस्त्र लावतो, म्हणून वडील हात न उचलता मार खात मरतात. त्यानंतरच्या पहिल्या लढाईत तुम्हाला लागतं आणि कुणीच ‘होइमी’ म्हणत नाही. बाप गेल्याची जाणीव खेळाच्या यंत्रणेतूनच होते. हे सिनेमाला जमणार नाही, कादंबरीलाही नाही.

दहा वर्षं गुलामीत जातात. मग लग्नाचा प्रसंग येतो. एकीकडे बालपणीची मैत्रीण बियांका, दुसरीकडे श्रीमंत घरची मायाळू फ्लोरा. निवड तुमची, आणि ती कायमची. जपानमध्ये पन्नाशीचे गृहस्थ आजही यावर हिरिरीने वाद घालतात. होरींचा नायक कधीच बोलत नाही, त्याच्या जागी खेळाडूने स्वतःला ठेवावं म्हणून. त्यामुळे इथलं उत्तर खेळाडूचं स्वतःचं असतं. शेवटी कळतं की भविष्यवाणीतला वीर तुम्ही नाहीच, तुमचा मुलगा आहे. तुम्हाला न पेललेली तलवार तो सहज उचलतो. आईबाप झालेल्यांना या प्रसंगाबद्दल वेगळं सांगायला नको.

पुढची वाटचाल भराभर सांगता येते. १९९५मध्ये ‘फायनल फँटसी’ या खेळमालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची आणि तोरियामा यांच्यासह ‘क्रोनो ट्रिगर’ हा गेम. २०००मधला सातवा भाग चाळीस लाखांच्या घरात खपला, पण पहिली लढाई यायलाच फार उशीर लागतो. बंद दाराच्या त्या लेखकाने इथे वाचकाचा अंत पाहिला असं मी म्हणेन. २००३मध्ये एनिक्स आणि ‘फायनल फँटसी’ची कंपनी स्क्वेअर एक झाल्या. २००९चा नववा भाग हातात धरायच्या डीएस यंत्रासाठी होता. दोन अनोळखी खेळाडू रस्त्यात एकमेकांजवळून गेले की त्यांची यंत्रं आपसूक खजिन्यांचे नकाशे बदलून घेत, आणि त्यासाठी तोक्योच्या अकिहाबारा भागात माणसांची गर्दी जमे. अकरावा भाग २०१७चा. या सगळ्या काळात होरी एनिक्सचे नोकर कधीच नव्हते, ‘आर्मर प्रोजेक्ट’ ही त्यांची स्वतःची छोटी संस्था आहे.

२३ जुलै २०२१ला तोक्यो ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते सुगियामांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या सुरावटीवर. आपल्यापैकी ज्यांनी तो सोहळा टीव्हीवर पाहिला, त्यांनीही ती ऐकली आहे. दोनच महिन्यांनी, ३० सप्टेंबरला सुगियामा गेले. १ मार्च २०२४ला तोरियामा गेले. तिघांपैकी आता होरी एकटे आहेत, आणि बाराव्या भागाचं काम त्यांच्या हातात आहे.

होरींच्या लेखनाची चव घ्यायची असेल तर पाचव्या भागापासून सुरुवात करा. तो इंग्रजीत, फोनवरही खेळता येतो. खेळाच्या सुरुवातीला, तुम्ही सहा वर्षांचे असताना, गावात एक अनोळखी तरुण भेटेल. तो कोण, हे मी मुद्दामच सांगितलेलं नाही. पुढे जायची घाई करू नका. तो जे चार शब्द बोलतो ते नीट वाचून ठेवा.